जंगलाचा हिशेब आणि आपला वाटा
(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापन दिनाला या ठिकाणी मोठमोठे वक्ते येऊन गेले. यंदा कमिटीने आम्हाला बोलायला सांगितले तेव्हा आम्ही म्हटले, "आम्ही काय बोलणार? आम्ही जंगलात फिरणारी माणसं." तर अध्यक्ष म्हणाले, "तेच बोला. वीस वर्षं तुम्ही जंगलात काय करता ते वस्तीला एकदा कळू द्या." म्हणून उभे आहोत. उभा एकच आहे, पण बोलणे आम्हा तिघांचे आहे. याच वस्तीतले आम्ही तिघे वन्यजीव अभ्यासकांच्या हाताखाली रोजीवर लागलो आणि त्याच कामात आमचे केस पिकले.

आम्ही घरून निघालो की लोक विचारतात, "का भाऊ, वाघ मोजाले चालले का?" हो, वाघही मोजतो. पण वाघ मोजणे हा त्या कामातला एक घास आहे. पूर्ण ताट कसे असते ते आज सांगायचे आहे. आणि शेवटी आमच्या हातून झालेल्या दोन चुकाही कबूल करायच्या आहेत. विहारात उभे राहून फक्त चांगलेच सांगितले, तर ते अर्धेच बोलणे होईल.

पहिल्यांदा आपल्या भागाची ओळख. आपण रोज बघतो म्हणून आपल्याला त्याचे मोल वाटत नाही. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे आपली म्हातारी माणसे सांगत आली. त्याच्या भोवतालचे जंगल १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. तिकडे नागझिरा त्याआधीच, १९७० साली अभयारण्य झाले होते. पुढे डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान, नवेगाव अभयारण्य, नागझिरा, नवीन नागझिरा आणि कोका अशी पाच जंगले एकत्र करून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. महाराष्ट्रातला हा पाचवा व्याघ्र प्रकल्प. गाभ्याचे क्षेत्र सुमारे साडेसहाशे चौरस किलोमीटर आहे. ही जमीन कुण्या राजाची नाही, मालगुजाराची नाही. ती सरकारी आहे, म्हणजेच सार्वजनिक आहे, म्हणजेच आपली सर्वांची आहे. आपल्या मालकीच्या शेताचा हिशेब आपण ठेवतो की नाही? किती बांध्या, किती धान, किती खत. तसा या जंगलाचा हिशेब ठेवणारा माणूस म्हणजे वन्यजीव अभ्यासक.

त्याला साहेब समजू नका. वनरक्षक, ज्याला आपण नाकेदार म्हणतो, तो राखण करतो. रेंजर साहेब हुकूम देतात. अभ्यासक काय करतो? जंगलात काय वाढले, काय घटले आणि का घटले, ते शोधून अधिकाऱ्यांसमोर मांडतो. डॉक्टर आधी नाडी बघतो, मग औषध लिहितो, तसे.

आपल्या भागात हे काम पदवीशिवायही झाले आहे. मारुती चितमपल्ली साहेब वनखात्याच्या नोकरीत नवेगावला होते. पक्ष्यांची, झाडांची नावे त्यांनी पुस्तकातून घेतली तशी इथल्या माणसांच्या तोंडूनही घेतली. माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासोबत ते रानोमाळ फिरले. पुढे 'नवेगावबांधचे दिवस' हे पुस्तक लिहिले आणि सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. सांगायचे एवढेच की आपल्या धीवर, गोंड, कोहळी, बौद्ध अशा सर्व समाजांच्या म्हाताऱ्यांजवळ जे ज्ञान होते, त्यावर एक माणूस मोठा झाला. ते ज्ञान आपल्याही घरात आहे. आपण ते लिहून ठेवले नाही एवढेच.

आता कामाकडे येऊ.

पूर्वी वाघ मोजायचे ते पायाच्या ठशावरून. ठशावर काच ठेवून त्याची रेघ कागदावर उतरवायची, नाहीतर प्लास्टरचा साचा काढायचा. पण चिखलातला ठसा वेगळा आणि धुळीतला वेगळा दिसतो. एकाच वाघाचे दोन वाघ व्हायचे. मग राजस्थानात सरिस्का येथे २००४-०५ च्या सुमारास एकही वाघ उरला नाही हे उघड झाले. कागदावर मात्र वाघ होते! सगळ्या देशाला धक्का बसला आणि पद्धत बदलली. २००६ पासून दर चार वर्षांनी नवीन पद्धतीने मोजणी होते. २०२२ च्या मोजणीत देशात ३६८२ आणि महाराष्ट्रात ४४४ वाघांचा अंदाज निघाला.

नवीन पद्धत अशी. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एकमेकांसमोर दोन कॅमेरे बांधायचे. दोन कशाला? कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात आणि उजव्या कुशीवरचे वेगळे. दोन्ही बाजूंचा फोटो एकाच वेळी मिळाला तरच त्या वाघाची ओळख पक्की. जशी आपल्या अंगठ्याची रेघ दुसऱ्याला नसते, तसे एका वाघाचे पट्टे दुसऱ्याला नसतात. नकाशावर दोन-दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनात कॅमेऱ्यांची एक जोडी. पंचवीस-तीस दिवस ते तिथेच राहतात. आम्ही कॅमेरे बांधायचे, समोरचे गवत काढायचे (नाहीतर वाऱ्याने गवत हलले तरी फोटो निघतो), सेल बदलायचे. कधी अस्वल कॅमेरा चावून जाते. कधी आपल्याच गावचा माणूस काढून नेतो. त्याला वाटते आपला फोटो साहेबाकडे जाईल. त्याबद्दल पुढे बोलतो.

पण वाघापेक्षा महत्त्वाचे आहे त्याचे जेवण. एका वाघाला वर्षाला चितळाएवढी साधारण पन्नास जनावरे लागतात. आणि पन्नास खाऊनही कळप टिकायचा तर जंगलात पाचशेच्या आसपास जनावरे पाहिजेत. व्याजावर जगायचे, मुद्दल खायचे नाही, असा तो हिशेब आहे. म्हणून चितळ, सांबर, गवा, रानडुक्कर मोजावे लागतात. त्यासाठी दोन किलोमीटरची सरळ रेघ आखलेली असते. पहाटे त्या रेघेवरून गुपचूप चालायचे. जनावर दिसले की होकायंत्राने कोन बघायचा, यंत्राने अंतर मोजायचे, किती नग ते लिहायचे. परतताना ठराविक अंतरावर थांबून लेंड्या आणि गवत, झुडपे लिहायची. तीन दिवस रेघ, आणि त्याआधी तीन दिवस पाच-पाच किलोमीटर चालून वाघ-बिबट्याच्या खुणा. ऐकायला सोपे आहे. थंडीच्या दिवसांत दव पडलेले असते, पायात काटे, पोटात काही नाही आणि समोर अस्वल येईल ही धास्ती.

इथेच आमची पहिली चूक सांगायची आहे.

एका मोजणीच्या वेळी आम्ही तिसऱ्या दिवशी रेघ चाललोच नाही. हात थंडीने वळत नव्हते. मोहाच्या झाडाखाली शेकोटी केली, चहा घेतला आणि आदल्या दिवशीचेच आकडे थोडे इकडचे तिकडे करून कागदावर चढवले. आम्हाला वाटले, कोणाला काय कळते? पाच चितळाचे सहा चितळ लिहिले तर कोणाचे काय जाते? पण ज्या बाईंच्या हाताखाली आम्ही होतो त्यांनी कागद हातात घेतला, यंत्रातली वाट बघितली. वाट एकाच जागी गोळा झालेली. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी त्या रेघेचे तिन्ही दिवसांचे कागद आडवे फुली मारून बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, "आकडा कमी आला तरी चालेल, खोटा नको. एका दिवसाचं खोटं निघालं की बाकीच्या दोन दिवसांवर पण विश्वास राहत नाही." दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतः आमच्यासोबत ती रेघ तीन दिवस चालल्या. आमची रोजीही कापली नाही. कापली असती तर बरे वाटले असते, एवढी लाज वाटली.

उपासक-उपासिकांनो, आपण दर पौर्णिमेला या विहारात पंचशील घेतो. मुसावादा वेरमणी आपण तोंडाने म्हणत होतो आणि जंगलात जाऊन खोटे लिहीत होतो. सरिस्काचे काय झाले ते आम्ही आत्ताच सांगितले. तिथेही कोणीतरी शेकोटीजवळ बसून आकडे लिहिले असतील असे आम्हाला आता वाटते. खोट्या आकड्याने वाघ मरत नाही, पण तो मेल्याचे कोणाला कळत नाही.

मोजून झाल्यावर खरे व्यवस्थापन सुरू होते. चितळ कमी असतील तर का? गवत नाही. गवत का नाही? तरोटा आणि रानतुळस माजली. मग पावसाळ्यात तरोटा फुलावर यायच्या आधी उपटायचा, म्हणजे बी पडत नाही. गोड गवताचे बी राखायचे. उन्हाळ्यात पाणवठे भरायचे. वणवा पसरू नये म्हणून आधीच जाळरेषा काढायच्या. ही सर्व कामे आपल्याच गावातले मजूर करतात. आणि अभ्यासक पुढच्या वर्षी परत मोजून बघतो की केलेल्या कामाचा उपयोग झाला की पैसा पाण्यात गेला.

कधी कधी जनावर बाहेरून आणावे लागते. आपल्या नागझिऱ्यात पिल्ले देणाऱ्या वाघिणी कमी होत्या आणि तिकडे ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघ दाटीवाटीने झाले, माणसांवर हल्ले होऊ लागले. म्हणून २० मे २०२३ रोजी तिकडच्या दोन वाघिणी आणून इकडे सोडल्या. एप्रिल २०२४ मध्ये तिसरी आणली. त्यांच्या गळ्यात पट्टा असतो आणि उपग्रहावरून त्यांचा ठावठिकाणा कळतो. अमेरिकेतही असे झाले आहे. तिथले यलोस्टोन हे १८७२ सालचे जुने राष्ट्रीय उद्यान. तिथले लांडगे माणसाने मारून १९२६ च्या सुमारास संपवले. मग हरणे बेसुमार वाढली, झाडांचे कोंब खाऊन टाकू लागली. शेवटी १९९५ साली कॅनडातून लांडगे आणून सोडावे लागले. परत आणायला फार पैसा लागला.

हे फक्त जंगलातच नाही. आपल्या मामा तलावांचे बघा. बेशरम माजली, पाण्यातल्या चांगल्या वनस्पती गेल्या, तर मासे कमी झाले आणि थंडीत येणारे पाहुणे पक्षीही कमी झाले. आपल्या तालुक्यात मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने धीवर बांधवांना आणि भगिनींना सोबत घेऊन काय केले? तलावातली बेशरम मुळासकट काढली आणि तलावाच्या पोटात देशी वनस्पती परत लावल्या. कोणती वनस्पती कुठल्या माशाच्या कामाची, ते धीवरांनीच सांगितले. हेही वन्यजीव व्यवस्थापनच आहे. आपल्या जिल्ह्याचा सारस तर जंगलात राहतच नाही, तो धानाच्या बांधीत अंडी घालतो. महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः आपल्या गोंदियात. २०२१ साली नागपूरच्या हायकोर्टाने त्याची स्वतःहून दखल घेतली. पण कोर्ट बांधीवर पहारा देऊ शकत नाही. घरटे दिसल्यावर त्या बांधीत फवारा मारायचा की नाही, ते शेतकरीच ठरवतो.

आता कोणी म्हणेल, हे सगळे ठीक आहे, पण याचा आपल्याला काय उपयोग? वाघाला पट्टा, हरणाला गवत, आणि आमच्या बायकांनी मोहफुले वेचायला जायचे तर जीव मुठीत! हा प्रश्न खरा आहे. आम्ही तो टाळणार नाही. जंगल वाचवायचे म्हणून ज्यांची गावे उठली त्यांचे दुःख आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. मोहफुल आणि तेंदूपत्त्यावर आपल्या घरातल्या पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघाला आहे. म्हणून जो अभ्यासक फक्त वाघ मोजतो आणि माणूस मोजत नाही, त्याचा हिशेब अर्धा. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला हक्क दिला. शेजारी गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून सुमारे अठराशे हेक्टर जंगल स्वतः सांभाळायला घेतले. हक्क आणि राखण एकत्र चालू शकते, हे त्यांनी दाखवले.

आता आमची दुसरी चूक. वस्तीतल्या एका मावशीच्या दोन शेळ्या बिबट्याने मारल्या. मावशी घाबरली, वास येईल म्हणून शेळ्या ओढून नाल्यात टाकल्या आणि चार दिवसांनी आम्हाला सांगितले. पंचनाम्याला काहीच उरले नव्हते. भरपाई मिळाली नाही. मावशी बोलली, "तुम्ही रोज जंगलात जाता ना रे? मग मले कोणी सांगतलं काहून नाही?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. नियम आम्हाला पाठ होता, पण शेजारच्या घरापर्यंत आम्ही तो पोचवला नव्हता. आजचे भाषण खरे म्हणजे त्या मावशीसाठी आहे. ती आज मागच्या रांगेत बसली आहे.

म्हणून चार गोष्टी हात जोडून सांगतो.

पहिली. जनावर मेले तर त्याला हात लावू नका, हलवू नका. ४८ तासांच्या आत नाकेदाराला किंवा जवळच्या वन कार्यालयाला कळवा. कोणी भेटलेच नाही तर १९२६ या नंबरवर फोन लावा. पंचनामा झाल्याशिवाय हलायचे नाही.

दुसरी. मोहफुलांच्या दिवसांत बायकांनी एकटीदुकटीने अंधारात जाऊ नये. चार-सहा जणींनी मिळून, उजेड पडल्यावर, बोलत बोलत जा. वाकून बसलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो. आणि झाडाखालचा पाला पेटवू नका, झाडून घ्या. एका झाडाखालची आग पूर्ण डोंगर खाते आणि पुढच्या वर्षीचा मोह पण खाते.

तिसरी. रानडुकरासाठी बांधीवर विजेची जिवंत तार सोडू नका. ती तार डुक्कर ओळखत नाही, वाघ ओळखत नाही आणि पहाटे पाण्याला निघालेला आपला भाऊही ओळखत नाही.

चौथी. जंगलातला कॅमेरा काढू नका. तो तुमच्यासाठी नाही. कुठल्या वाटेवर वाघीण पिल्ले घेऊन फिरते ते त्याच कॅमेऱ्याने कळते आणि त्यावरूनच गावाला सावध करता येते. कॅमेरा गेला की सूचनाही गेली.

दोन शब्द मुलांसाठी. आमच्या वेळी आम्हाला माहीतच नव्हते की या कामाचेही शिक्षण असते. डेहराडूनला भारतीय वन्यजीव संस्था आहे, तिथे पदव्युत्तर शिक्षण मिळते. वनसेवेची परीक्षा राज्याचा लोकसेवा आयोग घेतो. व्याघ्र प्रकल्पात अभ्यासक नेमले जातात. बाहेरून आलेल्या अभ्यासकाला पायवाट दाखवायला आम्ही जातो, हे चांगलेच आहे. पण या वस्तीतली एखादी मुलगी उद्या अभ्यासक होऊन आली, तर तिला वाट दाखवावी लागणार नाही. तिला ती ठाऊकच असेल. शिका, असे बाबासाहेबांनी सांगितले. त्यात जंगलही शिका, असे आम्ही जोडतो.

एक गोष्ट सांगून थांबतो. सम्राट अशोकाने राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर एक आज्ञा स्तंभावर कोरली. त्यात कोणकोणते पशुपक्षी मारू नयेत त्यांची यादी आहे आणि विनाकारण जंगल पेटवू नये हेही आहे. हे सगळे तिकडे दूर उत्तरेत, असे वाटते ना? आपली गोंदियाहून बल्लारशाला जाणारी गाडी अर्जुनीवरून पुढे नागभीडला जाते. त्या नागभीडजवळ देवटेक नावाचे गाव आहे. तिथे एक शिलालेख सापडला. त्यात प्राण्यांना पकडू नये, मारू नये अशी आज्ञा आहे. थोर संशोधक वासुदेव विष्णू मिराशी यांच्या मते तो अशोकाच्या काळचा आहे. म्हणजे दोन हजार वर्षांहून आधी आपल्याच झाडीपट्टीत कोणीतरी दगडावर लिहून ठेवले की या जिवांना सांभाळा. आपल्या संविधानातही १९७६ पासून कलम ५१ (क) मध्ये वने आणि वन्यजीव यांचे रक्षण करणे व प्राणिमात्रांबद्दल दया बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून आहे.

दगडावरचा लेख टिकला. आम्ही शेकोटीजवळ बसून लिहिलेला कागद एका दिवसात रद्द झाला. खरे लिहिले तर टिकते, एवढे आम्ही या कामातून शिकलो. येत्या मोजणीत वस्तीतली जी तरुण मुले-मुली आमच्यासोबत येतील त्यांना आम्ही हीच पहिली गोष्ट शिकवू.